कोथिंबिरीखाली

प्रिय तनू,

पुण्यातल्या पुण्यात, कर्वेनगरहून खराडीला पत्र पाठवणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, हे मला कळतं. पण फोनवर मी हसून वेळ मारून नेते, आणि तुझे बाबा शेजारी पेपर वाचल्याचं सोंग करत सगळं ऐकत असतात. म्हणून लिहिते आहे. ऑफिसात वाचू नकोस, घरी जाऊन वाच.

दिवाळीत तू तुझ्या वाइन कंपनीचा खोका घेऊन आलीस तेव्हा किती खुशीत होतीस! डोंगरावरच्या द्राक्षमळ्याचे फोटो दाखवलेस. उंचावर रात्री गारठा असतो, त्यानं द्राक्षांत आंबटपणा टिकतो आणि फसफसणारी वाइन चांगली होते, हे तू इतकं छान समजावलंस की मी भजनी मंडळात जाऊन तसंच्या तसं ऐकवलं. यमुनाबाईंनी नाक मुरडलं, पण मला तुझा अभिमान वाटला. अजूनही वाटतो, हे आधीच लिहून ठेवते.

तारेनं बूच आवळलेली ती मोठी बाटली बाबांनी तुला परत न्यायला लावली. दारू सोडल्यापासून ते खोकल्याच्या औषधाचं लेबलसुद्धा दहा वेळा वाचून घेतात. संत्र्याचं चित्र असलेले स्प्रिट्झचे, म्हणजे सोडा घातलेल्या वाइनचे, कॅन मात्र तू विसरून गेलीस. बाबांच्या हाती लागू नयेत म्हणून मी ते तांदळाच्या डब्यामागे दडवले. मग एका दुपारी ओतून टाकावेत म्हणून एक फोडला, आणि ओतण्याआधी घोटभर चाखला.

संत्र्याच्या सालीसारखा जरासा कडू, गोड, नाकाशी बुडबुडे. ज्या वासानं मी इतकी वर्षं घरभर खिडक्या उघडत फिरायचे, तो वास त्याला नव्हताच. दारू म्हणजे बाबांची; हे तर लेकीच्या कंपनीतलं, द्राक्षं आणि संत्रं! मी माझी अशी समजूत घातली. हलकं वाटलं गं. बाबा प्यायचे तेव्हा मी घर सांभाळलं, त्यांनी सोडली तेव्हा त्यांना सांभाळलं. त्या दुपारी मला कुणालाच सांभाळायचं नव्हतं.

तू ठेवलेले संपले. इथे कुणी ओळखीचं भेटेल म्हणून मी कोथरूडच्या दुकानात जायला लागले. तिथला माणूस मला काकू म्हणतो आणि न मागता थंडगार कॅन काढून देतो. पिशवीत कॅन, वर कोथिंबिरीची जुडी. घरात कोथिंबीर वड्या, कोथिंबिरीची चटणी, पराठेसुद्धा कोथिंबिरीचेच. कोथिंबिरीचा मळा विकत घेतलास का, असं बाबांनी विचारलं, तेव्हा मी हसले. पण हल्ली दुपार झाली की माझं चित्त थाऱ्यावर नसतं. भजनाला जाणं कधीच सुटलं.

चोराच्या वाटा चोराला ठाऊक. बाबा एके काळी मेथीच्या जुडीखाली बाटली आणायचे, हे मी विसरले होते. ते विसरले नव्हते. काल त्यांनी पिशवी माझ्या हातातून घेतली, जुडी उचलली आणि आत पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खाली बसून कोथिंबीर निवडत राहिले, डोळे भरून आले होते त्यांचे. मग एवढंच म्हणाले की गुरुवारी माझ्याबरोबर चल.

गुरुवारच्या त्यांच्या सभेला मी इतकी वर्षं जातेच आहे. दारू सोडणारे आतल्या खोलीत बसतात, घरची माणसं बाहेरच्या. बाहेर खिडकीजवळची खुर्ची माझी. या गुरुवारी मी आत बसणार आहे, बाबांच्या शेजारी, आणि मला फार भीती वाटते आहे. तुझ्या नोकरीला मी बोल लावत नाही. कॅन मी माझ्या हातानं फोडला. पण बाहेरच्या खोलीत आता आपल्या घरचं कुणीच नसेल. तू ये, तनू. माझ्या खुर्चीवर तू बस.

तुझीच,
आई