देवदूतांचे कपाट

हाउन्सलो,
२ नोव्हेंबर

प्रिय सुलक्षणावन्सं यांस,

सप्रेम सलाम, वि. वि.

मी सुखरूप आहे, गुडघे सोडून. हातात फोन असताना पत्र कशाला, असे सुयशने विचारले. मी म्हटले, फोनवर बोलले की सून ऐकते आणि व्हॉट्सॲपवर लिहिले की सगळे घराणे वाचते. पत्र फक्त माझी नणंद वाचेल आणि ती कोणाला सांगणार नाही, कारण तिला कोणी विचारत नाही.

इथून लंडनचा विमानतळ जवळ, त्यामुळे विमाने इतकी खालून जातात की त्यांची चाके दिसतात. चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना विमान आले की पाळक थांबतात आणि ते गेले की पुढे सुरू करतात. देवालाही आता सवय झाली असावी.

मी दिवसभर खिडकीशी बोलते असे आपल्या सूनबाईच्या, श्रद्धाच्या, लक्षात आले, म्हणून तिने मला चर्चच्या मुलांच्या कामाला लावले. त्या कामावर हॅना नावाची पगारी मुलगी आहे, असेल पंचविशीची. रविवारी मुलांचा वर्ग, बुधवारी रांगती बाळे आणि त्यांच्या आया, शुक्रवारी तरुण संघ, मध्ये दोन शाळांच्या असेंब्ल्या, आणि आता या सगळ्यावर नाताळ. ती जेवते ते बसस्टॉपवर. मी तिला सांगितले की जालन्याला शब्बाथशाळेची, म्हणजे अशाच रविवारच्या वर्गाची, मी चाळीस वर्षे सुपरिंटेंडंट आहे. तिला फार आनंद झाला. मग म्हणाली की पोलिसांचा दाखला नसेल तर मुलांबरोबर एकटीने बसता येणार नाही. पाहुणीला इथले पोलीस दाखला कुठून देणार? तेव्हा आता मी मुलांवर लक्ष ठेवते आणि माझ्यावर लक्ष ठेवायला दोन माणसे असतात.

पहिल्याच रविवारी एका पोराचे नाक पुसले. हॅनाने बाजूला घेऊन गोड शब्दांत समजावले की आधी त्याला विचारायचे. मी पुढच्या खेपेस विचारले. तो नको म्हणाला. नाक तसेच राहिले.

तिकडची नाताळच्या नाटकाची तालीम आता सुरू व्हायला हवी. माझ्या माघारी तुम्ही शाळा सांभाळता, त्याबद्दल देव तुम्हाला आशीर्वाद देवो आणि पोरांना सहनशक्ती. योसेफ मरियेहून उंच बघून घ्या. ताऱ्याचे एक टोक वाकले आहे, ते भिंतीकडे करा.

सुयशच्या डोक्यात एक आहे. जालन्याचे घर बंद करायचे, सहा महिने मी इथे राहायचे आणि सहा महिने पुण्याला लेकीच्या घरी, नीनाकडे. एकटीने आता तिथे राहू नकोस म्हणतो. नवीन वर्षाच्या आत उत्तर हवे आहे. मी हो म्हटलेले नाही. नाहीही म्हटलेले नाही.

लोभ आहेच, तो पोरांच्या गोंधळातही टिकवावा.

आपली,
वीणा

*

जालना,
१३ नोव्हेंबर

ती. वीणावहिनींस,

सादर सलाम, वि. वि.

पत्र पोचले. पोस्टमनने पाकिटावरचे तिकीट नातवासाठी मागितले. दिले नाही.

पोरे पूर्वीइतकीच येतात. तुमच्यासारखे ओरडणे मला जमत नाही. दवाखान्यात नर्स होते तेव्हाचा अनुभव असा, की हळू बोलले की रोगी जास्त घाबरतो. पोरांचेही तसेच आहे.

अडचण एकच. कपाट बंद आहे. देवदूतांचे पंख, मेंढपाळांचे झगे, मागी ज्ञानी लोकांचे मुकुट, तारा, सगळे आत. किल्ली तुमच्या खिळ्याला नाही. कुठे ठेवलीत ते कळवावे.

नव्या पाळकसाहेबांना घाई फार. कुलूप तोडू म्हणाले. मी म्हटले, कपाट माझ्या दादाने सुताराच्या डोक्यावर उभे राहून सागवानाचे करवून घेतले आहे. वहिनी आल्या की त्यांच्यासमोर तुम्ही उभे राहणार असाल तर खुशाल तोडा. त्यांनी मिशन कंपाउंडमधल्या लोकांकडे तुमच्याबद्दल चौकशी केली आणि नंतर तो विषय काढला नाही.

सुयशचे म्हणणे वाचले. नीनाच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे. तुमच्या गुडघ्यांना बरे पडेल. मला काही म्हणायचे नाही.

माया असू द्यावी, आणि किल्लीचे कळवावे.

आपली,
सुलक्षणा

*

हाउन्सलो,
२४ नोव्हेंबर

प्रिय वन्सं यांस,

सप्रेम सलाम, वि. वि.

किल्ली माझ्याकडे असण्याचा प्रश्नच येत नाही. चहाच्या डब्यात पाहा. नसेल तर गादीखाली पाहा. तिथेही नसेल तर देवाची इच्छा.

इथे नाताळाआधी मुलांची एक उपासना असते, तिला ख्रिस्टिंगल म्हणतात. प्रत्येक पोराला एक संत्रे द्यायचे. संत्रे म्हणजे जग. त्याला लाल फीत बांधायची, ते प्रभूचे रक्त. वर मेणबत्ती खोचायची, तो जगाचा प्रकाश. मग चार काड्यांना मनुका आणि गोळ्या टोचून त्या चार बाजूंना रोवायच्या, ती देवाची देणगी. दोन रविवार आम्ही नुसत्या काड्या टोचतो आहोत. अर्धी देणगी पोरे टोचतानाच खातात. मी डोळे वटारले. डोळे वटारायला दाखला लागत नाही.

नाताळच्या नाटकात आपला रूबेन मेंढी आहे. त्याचे मराठी आता असे झाले आहे की घरभर "आजी, माझा शेपटी कुठे गेली" म्हणत फिरतो. शेपटी मीच शिवते आहे. एका मुलीला ऑक्टोपस व्हायचे होते. मी सांगितले की बेथलेहेमला समुद्र नाही. हॅना म्हणाली की पण तिच्याकडे ऑक्टोपसचा ड्रेस आहे. ऑक्टोपसचे नाव यादीत चढले.

आणि सामान कुठे ठेवतात, तर पुठ्ठ्याच्या उघड्या खोक्यांत! मेंढपाळांच्या डोक्याला भांडी पुसायची फडकी. कोणीही यावे, काहीही उचलावे. मी हॅनाला विचारले, कुलूप नाही का? तिने विचारले, कशासाठी? पोर गुणी आहे, पण शिस्त म्हणून नाही. तिच्या नाताळची मला काळजी वाटते.

सुयशने उत्तराची पुन्हा आठवण केली. मी शेपटीत गुंतले आहे असे सांगितले.

लोभ आहे तसाच ठेवावा. तालमीचे सविस्तर लिहावे.

आपली,
वीणा

*

जालना,
५ डिसेंबर

ती. वीणावहिनींस,

सादर सलाम, वि. वि.

चहाच्या डब्यात चहा होता. गादीखाली पलंग होता.

ख्रिस्टिंगल परवा इथे करून पाहिले. आपल्याकडे संत्र्याऐवजी मोसंबी, ती कोणी घरची आणून दिली. पहिली मेणबत्ती पाळकसाहेबांच्या हातून खोचवली. रस त्यांच्या डोळ्यात उडाला. मी डोळा धुऊन दिला. बाकी उपक्रम चांगला आहे.

पंखांसाठी माझी जुनी मच्छरदाणी फाडली. मेंढपाळांना चादरी. दुष्ट हेरोद राजाला माझा स्वेटर, तो त्याला काढवत नाही. पाळकसाहेबांनी न विचारता कुलूपवाला पाठवला होता. त्याला चहा दिला, त्याचे बीपी तपासले, ते वाढलेले निघाले, म्हणून घरी जाऊन पडायला सांगितले.

नीनाने पाळकसाहेबांच्या मिसेसना फोनवर सांगितले म्हणे, की आईसाठी खोलीला रंग देते आहे. लगेच कमिटीने मला विचारले, शब्बाथशाळेचे काम कायमचे घ्याल का. मी म्हटले, कपाट उघडेपर्यंत मी कोणी नव्हे.

तुमच्या अंगणात झाडून घेते. मोगऱ्याला पाणी घालते. तो तुमच्यासारखाच आहे, दुसऱ्याने घातलेले पाणी पितो, पण फुलत नाही.

माया कमी होऊ देऊ नये. पुण्याची खोली कोणत्या रंगाची आहे ते कळवले नाही तरी चालेल.

आपली,
सुलक्षणा

*

हाउन्सलो,
१६ डिसेंबर

प्रिय वन्सं यांस,

सप्रेम सलाम, वि. वि.

ख्रिस्टिंगल पार पडले. मेणबत्त्यांपाशी पाण्याची बादली घेऊन एक म्हातारे गृहस्थ उभे होते. उपासना संपेपर्यंत ते हलले नाहीत आणि शेवटी त्या बादलीत रूबेनने संत्रे टाकले. एवढेच.

नाटकाचे सांगते. शनिवारी हॅना तापाने आडवी झाली. आवाज पार गेला. इतके दिवस बसस्टॉपवर जेवून दुसरे काय होणार. तिने फोनवर फक्त खोकून दाखवले. रविवारी मी नवी साडी नेसले, शिट्टी पर्समध्ये घातली आणि लवकरची बस पकडून गेले. मनात म्हटले, आता या लोकांना कळेल चाळीस वर्षे म्हणजे काय.

वन्सं, मला कोणी काही विचारलेच नाही. पोरांनी खोकी ओढली, ज्याचे त्याने घेतले, लहानांना मोठ्यांनी फडकी बांधली. तरुण संघातल्या एका दाढी फुटू लागलेल्या पोराने पडदा सांभाळला. मरिया वाक्य विसरली ते ऑक्टोपसने सांगितले. सगळे वेळेवर संपले. मी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसून होते, कडेला माझी दोन माणसे. मला फार वाईट वाटले. घरी येताना बसमध्ये हलके वाटायला लागले, ते त्याहून वाईट.

मग तुमची पोरे मच्छरदाणीत उभी आहेत हे डोळ्यांपुढे आले.

किल्ली सापडली. पर्सच्या अस्तरात गेली होती. अस्तर फाटलेले नाही, हे खरे आहे. तुम्ही विचारणार नाही, म्हणून आधीच सांगितले. कुरिअरने पाठवली आहे, नाताळाआधी पोचेल असे तो मुलगा म्हणाला. कमिटीला हो सांगा. मी सुयशला हो सांगितले. तो लगेच श्रद्धाला सांगायला गेला, इतके मनासारखे मी त्याला बऱ्याच वर्षांत काही दिले नव्हते.

कपाट आता तुमचे. पंख धुवायचे नसतात, उन्हात झटकायचे. एवढे पाळा. बाकी तुम्हाला हवे तसे करा.

लोभ होता तसाच पुढेही राहू द्यावा, मी पुण्यात असले तरी.

आपली,
वीणा

*

जालना,
२७ डिसेंबर

ती. वीणावहिनींस,

सादर सलाम, वि. वि.

नाताळच्या शुभेच्छा. किल्ली वेळेत पोचली. कुरिअरवाल्याने सही घेतली, पेन माझेच घेऊन गेला.

नाटक झाले. देवदूत मच्छरदाणीतच उभे राहिले. एका पंखाला भोक होते, त्यावर पाळकसाहेबांनी पाच मिनिटे उपदेश केला. हेरोद घामाने चक्कर येऊन पडला. लोकांना वाटले, देवाने शिक्षा केली. त्याला मीठसाखरेचे पाणी दिले. योसेफ मरियेहून ठेंगणा होता, उंच पोरगा मिळाला नाही.

किल्ली आली होती तर कपाट का उघडले नाही, असे तुम्ही विचाराल. पाळकसाहेबांनीही विचारले. त्यांना उत्तर दिले नाही, तुम्हाला देते.

कपाटाला किल्ल्या दोन आहेत. दुसरी दादाने, कपाट आले त्याच दिवशी, माझ्या हातात दिली. म्हणाला, वीणा किल्ली हरवायची नाही, पण द्यायचीही नाही. तेव्हा ही तुझ्याकडे असू दे आणि तिच्याजवळ बोलू नकोस. तेव्हापासून ती माझ्या स्वयंपाकघरात फळीखाली खिळ्याला आहे. तुम्ही चहाला येऊन बसता, तेव्हा ती तुमच्या डोक्यावर असते.

मी तिला हात लावला नाही. नोव्हेंबरातच उघडले असते तर पोरांचे भागले असते, कमिटीचेही भागले असते, आणि तुम्ही परत यायला काही कारण राहिले नसते. पोरांचे मच्छरदाणीवर भागले. माझे भागत नाही.

तुमची किल्ली याच पाकिटात परत पाठवते आहे. माझ्याकडे एक आहे, दोन ठेवून मी काय करू.

माया असेल तर काय करायचे ते तुम्ही जाणता.

आपली,
सुलक्षणा

*

हाउन्सलो,
८ जानेवारी

प्रिय सुलक्षणा,

सप्रेम सलाम, वि. वि.

पत्र आणि किल्ली मिळाली. श्रद्धाने पाहू नये म्हणून पत्र बाथरूममध्ये वाचले, त्यामुळे मी रडले ते कोणाला कळले नाही. इतकी वर्षे तुमच्याकडे चहा प्याले, कपाला नावे ठेवली, पण मान वर करून पाहिले नाही. ह्यांनीही मला कधी सांगितले नाही. वर भेट झाली की विचारीन.

सुयशला सांगितले की मार्चमधले माझे विमान मुंबईला उतरते, आणि मुंबईहून जालन्याला गाडी जाते. तो म्हणाला, आई, तू हो म्हणाली होतीस. मी म्हटले, हो म्हणाले होते तेव्हा किल्ली माझ्याकडे नव्हती. तो म्हणाला, आत्याबाई आहेत ना शेजारी. मी म्हटले, तेच तर सांगते आहे. नीनाला फोन केला. मे महिन्यात आपण दोघी तिच्याकडे जाऊ आणि लिफ्ट पाहून येऊ.

हॅना बरी झाली आणि लगेच ईस्टरच्या तयारीला लागली. मी रोज डबा देते. मी निघेन तेव्हा ती आपल्या पोरांसाठी खोक्यातून पंख देणार आहे, आणि ऑक्टोपसचा ड्रेसही, त्या मुलीला तो आता होत नाही. जालन्यालाही समुद्र नाही, पण ड्रेस आहे.

तेवढी जागा कपाटात करावी लागेल. माझ्यासाठी थांबू नका. तुमच्या किल्लीने आजच उघडा आणि पोरांना दाखवा. मी काही कपाटासाठी येत नाही.

लोभ आहेच, चहा ठेवावा.

तुमची,
वीणावहिनी