सिंगापूरचं अस्वल

प्रिय सुंदर,

प्रिय लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. फोन केला असता, पण फोन साईप्रियाच्या, तुझ्या लेकीच्या हातात असतो आणि तू काय बोललास ते तिला माझ्याआधी कळतं. ती इथल्या तमिळ शाळेत शिकते, माझं मराठी अक्षर तिला वाचता येत नाही. तुला येतं, राजवाड्यामागच्या गल्लीत ओसरीवर बसवून मीच घोकून घेतलं होतं. विसरला असशील तर कुणाकडून वाचून घेऊ नकोस, एकेक अक्षर लावत बस.

तिच्या नाकाचं सांगते. ऊन असो, पाऊस असो, नाक वाहतं नाहीतर चोंदतं. सकाळी उठली की शिंकांची माळ. तळहातानं वर घासून घासून नाकावर आडवी रेघ पडलीय, डोळ्यांखाली काळं. झोपते तोंड उघडं टाकून. शाळेतली टीचर म्हणाली, मुलगी बावळट दिसते. मी म्हटलं, नाक धरून घटकाभर बस, तूही दिसशील.

मी दही बंद केलं, केळं बंद केलं, सुंठ उगाळून कपाळाला लावली. शुक्रवारी न्हायला घातलं की केसांना सांब्राणी-उदाचा धूर, आणि ती हट्ट करी म्हणून तुझ्या त्या सिंगापूरच्या खेळण्यातल्या अस्वलालाही. शेजारची अलमेलु हसायची, मामी, याचं लग्न कधी ठरवताय म्हणून.

शेवटी मुलांच्या डॉक्टरणीकडे नेलं. तिनं हातावर थेंब टाकून टोचलं, एका जागी ही एवढी गांध उठली. म्हणाली, ही सर्दी नव्हे, धुळीतल्या किड्यांची अ‍ॅलर्जी. डोळ्यांना दिसत नाहीत, गादीत, उशीत, केसाळ खेळण्यांत राहतात, माणसाची झडलेली कातडी खाऊन जगतात. मला नवल वाटलं नाही, तशी माणसंही पाहिलीत मी. धुरानं नाक आणखी चिडतं म्हणाली, तर धूर बंद केला. सावरीच्या कापसाची गादी घराबाहेर काढली. तुझे वडील त्याच गादीवर गेले, पण ते गेले तिथं गादीचं काय. चादरी कढत पाण्यात, नाकात रोज फवारा. सगळं ऐकलं. मग ती म्हणाली, ते अस्वलही नको.

तिथं अडलं. पोरीची आई संगीता गेली त्या वर्षी तू ते पाठवलंस, स्वतः यायच्या ऐवजी. पोर त्याच्या पोटात नाक खुपसून झोपते. त्याला अप्पांचा, म्हणजे तुझा वास येतो म्हणते. दुकानातून थेट खोक्यात आलेल्या वस्तूला कुठला तुझा वास. काढून घ्यायला गेले तर म्हणाली, पोंगलला अप्पा येतील, त्यांच्याच हातात देईन, तोवर शिंकेन. म्हणून ते कढत पाण्यात बुचकळलं आणि कान धरून दोरीवर टांगलं. जाडजूड मेलं, आतून वाळत नाही. ती खाली राखणीला बसलीय, मला पाठ करून.

आता लिहिलं कशासाठी ते. दिवाळीच्या पार्सलला फीत बांधली होती, सुबक, फुलासारखी. तुला लग्नात स्वतःच्या धोतराची गाठ मारता आली नव्हती. परवा कृष्णस्वामीचा मुलगा सिंगापूरहून आला, त्यानं न विचारता सांगितलं, तुझ्या नव्या बायकोचंही आणि पाळण्याचंही. केलंस ते केलंस, एकट्यानं कुढत बस असं मी कधी म्हटलं नाही. पण पोरीला सांगायचं माझ्या गळ्यात घालू नकोस. नाक मी पाहीन. तू पोंगलला ये, ते अस्वल तिच्या हातातून घे आणि आपल्या तोंडानं सांग. यायचं नसेल तर तेही तिलाच सांग, म्हणजे तिची वाट पाहणं संपेल, हातचं अस्वल सुटेल आणि पोर तोंड मिटून झोपेल. पार्सल मात्र पुन्हा पाठवू नकोस. घरात आता केसाळ काही ठेवत नाही.

तुझीच, अजून तरी,
आई