माझी पिशवी माझ्या नंबरावर

भंडारदरा,
१० नोव्हेंबर २०२४

ती. चांगुणाताईस, धाकट्या अजिनाथचा सा. न. वि. वि.

इथं मोबाईलला रेंज न्हाई, म्हणून पत्र. आईलाही ते परत परत वाचून घेता येईल. सूर्यभानशेठच्या तंबूंवर काम लागलंय. तंबू ठोकायचे, शेकोटी पेटवायची आणि काजवे जूनमध्येच असतात हे पाहुण्यांना रोज समजावायचं. स्वयंपाकाला श्रीरामपूरचा रमीज आहे. त्याचा रस्सा खाऊन पुण्याचे पाहुणे रडतात आणि रडत रडत अजून मागतात.

हां, तर मोर्चा. दोन डिसेंबरला नगरला येतोच. आपल्या बॅनरची एक काठी माझी.

मी एका जागी टिकत नाही म्हणून तू रागावतेस. ताई, मला फिरायची लई हौस आहे असं नाही. कामावर काही हरवलं की कुणी विचारायच्या आत मी निघतो. भट्टीवर मोबाईल हरवला, निघालो. ढाब्यावरची गॅसची टाकी गेली, निघालो. इथं भोसले म्हटल्यावर बसायला खुर्ची दिली. फासेपारधी म्हटलं तर खुर्च्या मोजतील. म्हणून आडनावावरच थांबलोय.

लोभ आहेच, आईच्या वाट्याचा थोडा जास्त पाठव.

तुझा अजिनाथ

खडकवस्ती, ता. श्रीगोंदा,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. अजिनाथ यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईला तीनदा वाचून दाखवलं. खुर्च्यांचं ऐकून ती हसली, मग उगाच चुलीतलं लाकूड हलवत बसली. तिचं तसंच आहे. जीपचा आवाज आला की अजून तुरीत जाऊन बसते. परवा दुधाचा टेम्पो आला तरी गेली. वस्तीवरची पोरं चोर-पोलीस खेळतात, पण चोर व्हायला कुणीच तयार नसतं. मग सगळेच पोलीस होतात आणि आपल्या शेळीला अटक करतात.

चोरी कुठंही होवो, जीप आधी आपल्या दारात. आधी पुरावा, मग जीप, एवढंच मोर्च्याचं मागणं आहे. पण बॅनरवर कुणी थांबून वाचेल असं काहीतरी पाहिजे. तूच सुचव. शाळा आठवीपर्यंत, तोंड मात्र पदवीधर!

आई रोज फाट्यावर एस.टी. बघून येते. मागच्या खेपेला तू अंधारात बांधावरून आलास, तसाच गेलास. ती म्हणते, लेकाला एकदा उन्हात, सडकेनं चालत येताना बघायचंय.

जपून राहा आणि आमची आठवण अंगावर घेऊन झोपत जा, तिकडं थंडी फार.

तुझी ताई

भंडारदरा,
२८ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस सा. न. वि. वि.

काल एका पाहुणीची सोन्याची चेन हरवली. माझे हात आपोआप पिशवी भरायला लागले. सडकेवर येऊन उभाही राहिलो. तारेवर एक खंड्या बसला होता. तो पाण्यात सूर मारी, रिकामा येई, परत तिथंच बसे. लई वेळ त्यालाच बघत बसलो. तेवढ्यात एस.टी. आली.

तुमच्याकडंच तर यायचं होतं. पण बसलो असतो तर पारधी पळाला म्हणाले असते, आणि जीप थेट वस्तीवर. एस.टी. जाऊ दिली.

परत येऊन सूर्यभानशेठला आपली जात सांगितली. तो म्हणाला, तुझी पिशवी आधी दाखव. मी म्हटलं, सगळ्यांच्या बघा, माझी माझ्या नंबरावर बघा. रमीजनं आपली पिशवी पुढं ठेवली, मग बाकीच्यांनी. माझी चौथी आली. आत दोन शर्ट आणि आईसाठी घेतलेलं जांभळं लुगडं. शेठनं त्याची घडी मोडली, पुन्हा घालायला त्याला जमेना.

चेन मिळाली नाही. सगळ्यांचे जबाब होईपर्यंत कुणी जायचं नाही असं पोलिसांनी सांगितलंय. रमीजचा जबाब झाला, तो नगरला चाललाय. पत्र आणि लुगडं त्याच्याजवळ देतो. माझी काठी दुसऱ्या कुणाला तरी दे. आईला कसं सांगायचं ते मात्र मला सुचत नाही.

रागावलीस तरी लोभ तोडू नकोस.

तुझा अजिनाथ

खडकवस्ती,
३ डिसेंबर २०२४

चि. अजिनाथ यास आशीर्वाद.

रमीज आला, भाकरी खाऊन गेला. आमच्या कालवणात तिखट कमी म्हणाला, काय माणूस आहे!

पत्र ऐकून आई म्हणाली, बॅनरवर हेच लिहा. तेच लिहिलं: आमची पिशवी आमच्या नंबरावर. आणि तुझी काठी तिनं घेतली, तेच जांभळं लुगडं नेसून. वाटेत पोलिसांची जीप मागून आली, हळूहळू आमच्या बाजूनं चालायला लागली. आई थबकली, बॅनर तिच्या बाजूनं कलला, पण काठी तिनं सोडली नाही. एका पेपरवाल्यानं त्या ओळीचा अर्थ विचारला. ती म्हणाली, माझ्या लेकाला विचारा, तो पळालेला नाही, कामावर आहे.

तू तिथंच थांब. चेन मिळो न मिळो, तुझं काम झालं की ये. आई अजून रोज फाट्यावर जाते. आज जीप गेली, तरी ती सडकेवरच उभी होती. तुझी एस.टी. चुकेल म्हणाली.

वाट बघणारी,
तुझी ताई