मांजरीच्या खेळाची दुसरी प्रत

दि. ३ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

आम्ही सगळे मजेत. तुझा गुडघा आता कसा आहे?

पत्राचं कारण असं, की आमच्या जुन्या कॉम्प्युटरवाल्या मंडळासाठी मी एक प्रोग्रॅम लिहितोय. लहानपणी आपण टीव्हीला जोडायचो, तसल्या कॉम्प्युटरवरच्या फाइली केबलमधून नव्या कॉम्प्युटरवर आणायच्या, एवढंच त्याचं काम. जुन्या फ्लॉप्या एकेक करून माना टाकतायत. मंडळ त्यांच्यावरचे घरगुती खेळ गोळा करून सगळ्यांसाठी खुले करणार आहे. त्यात आपला मांजरीचा खेळ हवाच. तुझ्याकडची फ्लॉपी जरा पाठवून दे, माझ्या प्रतीशी ताडून बघायला बरी पडेल. घाई नाही, पण याच आठवड्यात मिळाली तर उत्तम.

लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा धाकटा भाऊ


दि. ७ फेब्रुवारी

चि. खुडबुड्यास,
अ. उ. आ.

गुडघा बरा आहे. तू गुडघ्याची चौकशी केलीस, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

घाई नाही म्हणतोस आणि याच आठवड्यात हवी म्हणतोस. तुझ्याकडे तुझी फ्लॉपी असताना माझी कशाला? फोनवर विचारलं तर तू हवापाण्यावर गेलास, म्हणून कागदावर लिहितेय. तुझ्या बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, रविवारपासून तोंड पाडून बसलेत, जेवणाकडेही लक्ष नाही. कुठेतरी पाणी मुरतंय.

स्पष्टच लिहिते. मांजर मी चौकटीच्या कागदावर ठिपका ठिपका करून काढली, तिची उडी मी बसवली. बाकीचं तू जुळवलंस. पहिल्या पडद्यावर दोघांची नावं घातली. तरी शाळेच्या प्रदर्शनात सरांनी पाठ तुझी एकट्याची थोपटली, आणि तू मूग गिळून बसलास. तुझ्या प्रतीतलं माझं नाव तू तेव्हाच काढलंस, असा मला संशय आहे. आता माझी प्रतही तुझ्या हाती लागली, की माझं नाव कुठेच उरणार नाही. तुझ्या मनात असं काही नसेल तर मी चुकले म्हण. असेल तर गाठ माझ्याशी आहे.

तरी फ्लॉपी पाठवतेय, कारण खेळ मरू नये असं मलाही वाटतं. तिच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावली आहे. खाच बुजवली की कॉम्प्युटरला फ्लॉपी नुसती वाचता येते, तिच्यावर काही लिहिता येत नाही, हे तूच मला शिकवलंस. पट्टीवर माझी सही आहे. काढलीस तर कळेल.

बायकोला आशीर्वाद. तुझ्यावर लोभ आहे, आणि नजरही आहे.

ताई


दि. १३ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

फ्लॉपी पोचली. पट्टी बघून डोकंच फिरलं. सख्ख्या भावावर असा पहारा! त्या रागातच केबल जोडली.

खरं सांगतो. माझी फ्लॉपी गेली. ताडून बघणं वगैरे थाप होती. पाठवणारा कोण आणि घेणारा कोण, याचीच मी प्रोग्रॅममध्ये अदलाबदल करून ठेवली होती. नव्या कॉम्प्युटरने आपली रिकामी फाइल पाठवली आणि जुन्याने ती आपल्या खेळावर लिहून टाकली. चूक सापडली, सुधारली, म्हणून तुझी प्रत मागवली. पण तीच चूक आणखी एका ठिकाणी तशीच बसली होती. तुझ्या फ्लॉपीचंही तेच व्हायचं, पण हिच्यावर लिहिता येत नाही, असं म्हणून कॉम्प्युटर अडून बसला. ताई, तू माझ्यावर विश्वास ठेवला असतास, तर आज आपला खेळ जगात कुठेच नसता.

मग खेळ सुरू करून पाहिला. मांजर अजून उडी मारते. दोघांची नावं आहेत, माझं वर, तुझं खाली. माझ्या प्रतीतही अशीच होती, पण आता दाखवणार काय? मंडळाला देताना तुझं नाव वर घेऊ का? हवं तर तुझं एकटीचंच घालतो. माझी काही हरकत नाही, अगदी मनापासून सांगतो. फ्लॉपीला पुन्हा हात लावायचा धीर मात्र होत नाही.

रागाव, पण उत्तर पाठव. लोभ तोडू नकोस.

तुझा भाऊ


दि. १८ फेब्रुवारी

चि. खुडबुड्यास,
अ. उ. आ.

खेळ वाचला हे वाचून मला रडू आलं, ते आधी सांगते. मग तुझ्यावर चिडले. थाप कशाला मारलीस? फ्लॉपी गेली म्हणाला असतास, तर मी स्वतः घेऊन आले असते.

आता नावाचं. गाडीतली खिडकीजवळची जागा तू मला भांडल्याशिवाय कधी दिली नाहीस. आज मी न मागता वरची जागा देतोस, एवढंच नाही तर अख्खा खेळच माझ्या नावावर करायला निघालास. यावरूनच तुझ्या प्रतीत माझं नाव होतं की नव्हतं, ते मला कळलं. पुन्हा खुलासा लिहू नकोस.

नावं आहेत तशीच राहू देत, दोघांची. शनिवारी मी येतेय. तोवर फ्लॉपीला हात लावायचा नाही. जुन्या कॉम्प्युटरपाशी मी बसेन, नव्यापाशी तू बस. मी पाठवीन, तू घे.

लोभ होता तेवढाच आहे. विश्वासाचं तिथे आल्यावर बघू.

ताई