कॅन कुणी धुतला

मामा, काल खंडेनवमी झाली. गॅरेजमधले सगळे पाने, पकडी, हातोड्या धुऊन पुसून तुमच्या त्याच पाटावर मांडल्या, हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि शटर अर्धं ओढून घेतलं. पूजा मांडली की दसऱ्याला ती हलवेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, मग दारात कुणाचीही गाडी येवो, हा तुमचा नियम. मुरुममधले बाकीचे मेकॅनिक आता तो पाळत नाहीत. दुपारी नारळ फोडतात आणि चारला पंक्चर काढायला बसतात. मी पाळते. थोडी श्रद्धा आहे, आणि वर्षातून एक दिवस नखं स्वच्छ राहतात हा लोभ त्याहून जास्त आहे. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली तरी सून तुमचाच नियम चालवते, हे आधी सांगून ठेवते, म्हणजे पुढचं तुम्ही जरा नरमाईनं ऐकाल.

साडेदहाच्या सुमाराला एक जण गाडी ढकलत आला. पांढरा शर्ट, इस्त्रीची घडी समोरून तशीच आणि पाठीमागून घामानं चिकटलेली, अत्तर इतकं की झेंडूचा वास येईना. वय तेहतीस-चौतीस. पलीकडच्याच गावचा शेतकरी. आठ एकर रान, बोअरला पाणी, अंगाला सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, आणि तरी सहा वर्षं त्याचं लग्न जमत नव्हतं. आता आपल्याकडे घरोघर हेच आहे, मामा. तुमच्या काळी पोरीचे बाप चपला झिजवायचे, आता शेती करणारी पोरं झिजवतात. याला काल अणदूरला मुलगी बघायला बोलावलं होतं, बारा वाजता. मुलगी सोलापूरला दवाखान्यात नर्स आहे, दसऱ्याची ड्यूटी लागलेली, त्यामुळे दोनच्या बसनं ती परत जाणार होती. नंतर तिच्या घरचे आणखी दोन स्थळं बघणार होते, आणि त्यातला एक तलाठी होता. नोकरीवाल्यापुढं आपला टिकाव लागणार नाही हे याला पक्कं ठाऊक होतं. जे काही होतं ते बारा ते दोनमध्येच होतं.

गाडी उभ्या उभ्या नीट चालायची आणि रेसला पीळ दिला की मिसिंग मारायची. खोकायची, झटके द्यायची, मग बंद. जरा थांबून किक मारली की पुन्हा सुरू, अर्धा किलोमीटर, पुन्हा तेच. वाटेत एकानं प्लग बदलून दिला होता, काही उपयोग झाला नव्हता. दुसऱ्याची गाडी मागून का नेत नाहीस म्हटलं, तर म्हणाला की मध्यस्थानं गाडीचा फोटोसुद्धा पाठवलाय, आता वेगळीच गाडी दिसली की मुलीचे चुलते म्हणतील हीसुद्धा उसनी आणि रानसुद्धा उसनं. मग त्यानं पाटावरच्या पूजेकडं बघितलं. त्याला नियम माहीत होता. इतकंच म्हणाला, “बाई, ह्ये स्थळ गेलं तर म्या बघायचंच सोडून देणार हाय.”

आणि मला हसू आलं. त्याला वाटलं असेल, बाई दगडाच्या काळजाची दिसते. पण मामा, खंडेनवमी, पूजेत मांडलेली हत्यारं आणि दारात मिसिंग मारणारी गाडी, हे सगळं मी चोवीस वर्षांपूर्वी याच दारात बघितलं होतं.

माझं लग्न होऊन पाच महिने झाले होते. नवरात्र बसायच्या आधी तुमच्या मंडळींनी, म्हणजे आत्यांनी, घरातलं भांडं न् भांडं घासायला काढलं होतं आणि मी नवी सून, अंगात नको तेवढा उत्साह. माळ्यावरचे डबे झाले, समया झाल्या, तरी माझे हात थांबेनात. खंडेनवमीला सकाळी तुम्ही हत्यारं धुवायला घेतलीत तेव्हा मला कोपऱ्यात तो पेट्रोलचा कॅन दिसला. पाच लिटरचा, रिकामा, बाहेरून तेलकट, आतून तळाला काळा. सगळी हत्यारं अंघोळ करणार आणि यानं एकट्यानं पारोसं राहायचं, हे काही मला बघवेना. धुण्याचा सोडा टाकला, अरुंद तोंडाच्या बाटल्या धुतात तसे आत वाळू-खडे घातले आणि दोन्ही हातांनी खुळखुळवून काढला. घटकाभर उपडा ठेवला आणि गुपचूप जागेवर नेऊन ठेवला. कॅनच्या खांद्याला पाणी धरून राहतं हे मला कोण सांगणार? आमच्या माहेरी सायकल होती.

दुपारी शाळेतले एक गुरुजी गाडी ढकलत आले. सकाळीच पंपावरून तो कॅन भरून आणून तुम्ही त्यांच्या टाकीत त्यातलं पेट्रोल ओतून दिलं होतं, आणि गाडी वेशीपर्यंतसुद्धा गेली नव्हती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे, हातात पुरणाचा पळा. तुम्ही पाटावरच्या हत्यारांकडं बघत नाही. आधी गुरुजींना विचारता, कवा भरलं, कुठं भरलं, कशात भरलं. मग टाकीखालचा रबरी पाइप नुसत्या बोटांनी ओढून काढता, आत्यांच्या काढ्याची काचेची बाटली भरता आणि खिडकीत उन्हाला ठेवता. “जरा दम खावा गुरुजी, च्या घ्या,” म्हणता. चहा होईपर्यंत बाटलीत एक रेघ उमटते. वर पेट्रोल, खाली पाणी, मध्ये सुरीनं कापल्यासारखी रेघ. कार्बोरेटरच्या तळातलं पाणी काढायला स्क्रू सोडवायचा, तर तुम्ही आत्यांच्या डब्यातला चहाचा चमचा मागून घेता आणि त्याच्या दांड्यानं तो फिरवता. मला स्वयंपाकघरात परत जायचं भानच नाही. पुरण करपल्याचा वास सगळ्यात शेवटी मलाच आला.

मग तुम्ही मान वर केलीत आणि विचारलंत, “कॅन कुणी धुतला?” आत्यांनी माझ्याकडं बघितलं, मी जमिनीकडं. सोड्यानं माझी बोटं पांढरी पडून सुरकुतली होती आणि ती लपवायला पदर पुरेना. तुम्ही त्या बोटांकडं बघितलंत, अगदी पुरतं बघितलंत, आणि गुरुजींकडं वळून म्हणालात, “आवो म्याच धुतला की सकाळी. साठी आली, दुसरं काय.” तेव्हा तुम्ही बावन्न वर्षांचे होतात. गुरुजी हसले, आत्या तर दिवाळीपर्यंत तुम्हाला चिडवत होत्या, की आता यांना भांडी घासायला बसवा, हात चांगला चालतो. मीही त्यांच्याबरोबर हसत होते. याची लाज तेव्हा वाटली नाही.

गुरुजी गेल्यावर तुम्ही मला हाक मारलीत. वाटलं, आता बोलणी बसणार. तुम्ही म्हणालात, हात फुडं कर. तळहातावर बाटलीतला वरचा थेंब सोडलात. तो गार लागला आणि बघता बघता उडाला. मग खालचा थेंब काडीनं घेऊन सोडलात. तो तसाच बसून राहिला. “उडतं ते पेट्रोल, बसतं ते पाणी. झालं, निम्मी शाळा झाली तुजी,” म्हणालात. मला त्या वेळी इतका आनंद झाला होता की लग्नात झाला नव्हता. हे तुमच्या मुलाला मी सांगितलेलं आहे, ते हसतात आणि कारखान्यात ड्यूटीला जातात. दुसऱ्या दिवशी पूजा हलवली तेव्हा आपट्याची पानं सगळ्यांना दिलीत, मला पानांबरोबर प्लग खोलायचा पाना दिलात. सुनेला पाना दिला म्हणून गल्लीत महिनाभर पुरेल एवढा विषय झाला. तुम्ही दुकानाबाहेर बसून तो सगळा विषय ऐकून घेतलात आणि मला आतून हाक मारून सांगितलंत, की चहा ठेव आणि चहा ठेवला की ब्रेक बघायला ये.

रागावलात ते एकदाच. एका गाडीचा कार्बोरेटर मी काही न विचारता खोलून पसरून ठेवला होता आणि दोष निघाला टाकीच्या झाकणात. तुम्ही चार दिवस मला पाना दिला नाहीत. “हात चालवायच्या आदी त्वांड चालव. कवा, कुठं, कशात,” एवढंच म्हणालात. कॅनचं एवढं होऊनही मला तेव्हा ‘कशात’ हा प्रश्न उगीच वाटायचा. पेट्रोल कशात भरणार, टाकीत.

तर काल मी त्या पोराला तेच विचारलं. आदल्या संध्याकाळी, पंपावर, आणि कॅनमध्ये, म्हणाला. फवारणीच्या पंपाला लागतं म्हणून कॅन भरून आणला होता आणि सकाळी त्यातलंच टाकीत ओतलं होतं. मी विचारलं, “कॅन कुणी धुतला?” तो म्हणाला, “आईनं. खंडेनवमी आली म्हनून कालच आवजारासंगं त्यो बी धुतला. तुमाला कसं कळलं, बाई?” मी पाइप ओढून काढला, तुमची बाटली भरून खिडकीत ठेवली आणि त्याला पंख्याखाली शर्ट वाळवायला बसवलं. आताच्या पेट्रोलमध्ये उसाच्या मळीचं स्पिरिट असतं, मामा. ते थोडं पाणी पोटात घालतं आणि पाणी जास्त झालं की स्वतःच पाण्याबरोबर तळाला जाऊन बसतं. त्यामुळे रेघ तुमच्या काळापेक्षा बरीच वर दिसली. तो घाबरला, एवढं पाणी कुठून आलं म्हणाला. थेंबाची परीक्षासुद्धा आता तितकी चोख राहिली नाही, तरी मी केली. सवय आहे. टाकी बादलीत रिकामी केली, चमच्याच्या दांड्यानं कार्बोरेटरमधलं पाणी काढलं, माझ्या स्कूटीतलं दोन लिटर पेट्रोल त्याच्या टाकीत घातलं. गाडी दोनदा खोकली आणि मग अशी एकसारखी धरली की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पाटावरचा एक पाना हलला नाही.

निघताना त्याचा चेहरा फुलला होता, पण आईवर धुसफुसत होता. नेमकं याच वेळी धुवायचं सुचलं का तिला, असं काहीबाही. मी म्हटलं, घरी गेल्यावर पेट्रोल खराब होतं एवढंच सांग, आईला काही बोलू नकोस. आणि त्याला तुमची गोष्ट सांगितली. तो हसत हसत गेला.

संध्याकाळी त्याचा फोन आला. तो पाऊणला पोचला होता. उशीर का झाला हे मुलीनंच विचारलं, आणि यानं खरं ते सांगितलं. मुलगी म्हणाली, मग आईला काय बोलला? तो म्हणाला, काहीच नाही, आणि आमच्या मुरुमच्या गॅरेजवाल्या मामांनीसुद्धा एकदा असाच कॅन धुतला होता, असं म्हणून तुमची गोष्ट सगळ्यांना सांगितली. बैठकीत हशा पिकला. मुलगी दोनच्या बसनं गेली आणि सोलापूर यायच्या आधी तिचा घरी फोन आला, की तलाठी बघायची गरज नाही. दिवाळीनंतर सुपारी आहे, मला आहेर घेऊनच यायला सांगितलंय आणि चमचासुद्धा.

मी किती आनंदात आहे म्हणून सांगू, मामा. आज पूजा हलवली तेव्हा बाटली धुतली, आणि चांगली वाळवून खिडकीत ठेवली. हे लिहिलेलं कुणाला दाखवणार नाही, पाटाखाली ठेवून देईन. कारण त्या पोराला मी जी गोष्ट सांगितली, जी चोवीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते आणि काल अणदूरच्या बैठकीत गाजली, तिच्यात कॅन तुम्हीच धुता. काल तोंडापर्यंत आलं होतं, पण पुन्हा तुमचंच नाव घेतलं. तुमच्या पाठीमागं उभं राहायची सवय लागली आहे.

कॅन मी धुतला होता.