कपाळामागची कड

३ मार्च
आले एकदाची! सामान अजून बोचक्यातच आहे, पण नोकरीबरोबर खोली झकास मिळाली. पूर्वेला खिडकी, कोरा रंग, नळाला चांगलं पाणी. रस्ता ओलांडला की प्रयोगशाळा. आईला फोन केला तर म्हणाली, मेलेल्यांच्या शेजारी राहायला गेलीस आणि वर खुशीत आहेस, धन्य आहे बाई तुझी.
तिला काम समजावून सांगताना माझी पुरेवाट झाली. बेवारस हाडं पोलीस आमच्याकडे आणतात. त्यातल्या कवटीचा मी एक्स-रे काढायचा. हरवलेल्या कुणाचा जिवंतपणीचा एक्स-रे हाती लागला, तर दोन्ही शेजारी लावून मोजायचे. कपाळाच्या हाडामागे सायनसची पोकळी असते. तिची कड ज्याची त्याची वेगळी. चेहरा जातो, ही कड राहते.
साहेब अगदी देवमाणूस वाटले. पहिल्याच दिवशी चहा पाजला.

६ मार्च
आज ‘बुवां’ची ओळख झाली. साहेबांच्या खोलीत कपाटावर एक कवटी आहे, डोक्यावर लोकरीची टोपी. शिपाईमामा रोज सकाळी तिला ‘राम राम बुवा’ म्हणतात. मीही म्हटलं आणि सगळे हसलो. बुवा दगडाच्या खाणीत सापडले. अहवाल साहेबांनी स्वतः लिहिला होता: पुरुष, अंदाजे चाळिशीचा, अनोळखी. विचारायला कुणी आलंच नाही. तेव्हापासून नव्या माणसाने हात बसवायचा तो बुवांवर.
मीही दिवसभर त्यांच्याच फिल्म काढल्या. आता डोळे मिटून त्यांची कड कागदावर काढून दाखवीन. डावी पोकळी मोठी, वर तीन फुगवटे, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी. उजवी वालाच्या दाण्याएवढी. मधला पडदा तिरका. भुवयांचं हाड मात्र पुरुषाच्या मानाने फारच नाजूक आहे. साहेबांना तसं म्हटलं, तर हसून म्हणाले, पुस्तकातले पुरुष वेगळे, खाणीतले वेगळे.

१४ मार्च
साहेब बाहेरगावी गेलेत. दुपारी एक बाई आली. दारातूनच तिने विचारलं, दाजी नाहीत ना? दाजी म्हणजे आमचे साहेब. ही त्यांची मेहुणी.
तिची थोरली बहीण, म्हणजे साहेबांची बायको, काही वर्षांपूर्वी घरातून नाहीशी झाली. कुणाचा तरी हात धरून पळाली, असं साहेबांनी सगळ्यांना सांगितलं. वडिलांनी त्या धक्क्याने अंथरूण धरलं ते उठलेच नाहीत. पण माझी ताई मला सांगितल्याशिवाय शेजारीसुद्धा जायची नाही हो, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. ताईला सर्दीचा जुनाट त्रास होता. माळा आवरताना तिची तेव्हाची फिल्म सापडली, ती घेऊन आली होती.
मी ती उजेडावर धरली. तीन फुगवटे. वालाचा दाणा. तिरका पडदा.
मोजायची गरजच नव्हती. तरी मोजलं. फिल्म ठेवून जा, कळवते, एवढंच तिला कसंबसं म्हणाले.

१५ मार्च
साहेब लवकर परतले. फिल्म अजून दिव्यावरच होती. ते बराच वेळ बघत उभे राहिले. आवाज चढवला नाही. मला बसवलं, चहा मागवला. म्हणाले, दुःखाने पोरीचं डोकं फिरलंय, ही फिल्म कशाशीही जुळत नाही, तसं लिहून दे. मग म्हणाले, तुला कायम करण्याचा कागद माझ्याच टेबलावर आहे. आणि ती खोली आवडली ना तुला?
मी लिहिलं, जुळत नाही. खाली सही केली.
त्यांनी फिल्म दुमडून खिशात घातली आणि कपाटावरची टोपी सारखी केली. म्हणाले, ऐकलंत ना बुवा?
ताईच्या बहिणीला मी फोनवर सांगितलं. ती हुंदका देत म्हणाली, बरं झालं, म्हणजे ताई जिवंत असेल.

२० मार्च
साहेबांचं कपाळ ठणकतंय. माझ्याकडून फिल्म काढून घेतली. त्यांची जुनी फिल्म दप्तरी आहे, ती शेजारी लावली. नव्या फिल्ममध्ये उजवी पोकळी नाहीच. तिथे नुसतं भरीव हाड. यंत्र बिघडलं म्हणावं, तर मामांची फिल्म स्वच्छ आली.

२३ मार्च
डावीही निम्मी बुजली. फिल्म बदलतेस का, म्हणून साहेब माझ्या अंगावर धावून आले. संध्याकाळी कळलं, आज सकाळी रखवालदाराने त्यांना फाटकात अडवलं होतं. कोणाला भेटायचंय, असं विचारलं.

२६ मार्च
मामांनी साहेबांना त्यांच्याच खुर्चीवरून दंडाला धरून उठवलं. साहेब यायच्या आत निघा म्हणाले. मी सांगितलं, अहो मामा, हेच साहेब! मामांनी माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं पाहिलं.
दुपारी साहेब माझ्या खिडकीशी आले. तू तरी ओळखतेस ना? मी हो म्हटलं. ते रडले. मग न विचारता सगळं बोलले. खाणीच्या काठावर बायकोशी भांडण झालं, रागाच्या भरात हात उठला, एकदाच.
कवटीला भेगा दोन आहेत. मी मोजल्यात.

२९ मार्च
खाणीच्या पाण्यातून पोलिसांनी एक प्रेत आणलं. साहेबच. चेहरा धड होता, पण कुणी ओळखेना. मामांनी इतकी वर्षं ज्यांना चहा दिला, त्यांना बघून मान हलवली. मी फिल्म काढली. कपाळ दगडासारखं भरीव. जुन्या फिल्मशी जुळेना.
मामांनी पट्टी लिहिली: पुरुष, अंदाजे चाळिशीचा, अनोळखी.
कुठेतरी बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

३१ मार्च
माझं कपाळ ठणकतंय.
फिल्म काढली. नको होती काढायला. डावीकडे दोन फुगवटे. माझ्या कपाळात नव्हते हे कधी —

१ एप्रिल
तीन.
साहेबांचं तिने पुसलं. माझ्यावर ती स्वतःला लिहिते आहे.
मी काय केलं? एक सही — फक्त एक —
कवटीचीही फिल्म काढली. तिचं कपाळ आता कोरं. ती तिथे नाहीच.

२ एप्रिल
ताईच्या बहिणीला फोन केला. ये म्हटलं. सगळं खरं सांगते, लिहूनही देते. मग सोडेल. सोडेल ना —
आवाज वेगळा लागला म्हणाली. सर्दी झाली का ताई, असं विचारलं आणि स्वतःच दचकली.

३ एप्रिल
ती आली. दार उघडलं. मी बोलायच्या आत ती मटकन खाली बसली. ताई म्हणाली. ताई, ताई, कुठे होतीस गं.
मी नाही म्हणणार होते. तोंड उघडलं — आतून कुणीतरी म्हणालं, आले गं बाळे —

४ एप्रिल
लिहायला हात अजून पुरता बसला नाही. बसेल.
धाकटीने केस विंचरून दिले. खूप रडलो दोघी.
सही करणारी आत आहे अजून. हाडाला नखं लावते. ओरडते. ओरडू दे. मी ओरडले तेव्हा कुणी आलं होतं? उघड्या तोंडात माती जाते तेव्हा कसं लागतं ते तिलाही कळू — मी आहे, मी अजून आत आहे, कुणीतरी फिल्म काढा माझी, कडेला बघा, डाव्या क