राजाच्या गालाची झीज

४ मार्च
बाबांची खोली रिकामी करून झाली. कंबर गेली. टेबलाच्या खणात चांदीचं जुनं नाणं सापडलं. काळपट आहे, पण आतून चकाकी दिसते. एका नजरेत ओळखलं: कोरं. चलनात कधी गेलंच नाही. बाबांनी माझ्यासाठी जपून ठेवलं असणार. तसं बोलले कधीच नाहीत, पण ते कशाबद्दलच बोलत नसत. ताई म्हणाली, तूच ठेव, मला त्यांचा चष्मा पुरे. थोरली असली तरी तिला वस्तूंची पारख नाही.
संकल्प: नाण्याला बोट लावायचं नाही. फक्त कडेला धरायचं.

७ मार्च
भिंग आणि नाण्यांवरचं एक पुस्तक आणलं. पुस्तक म्हणतं, झीज आधी उंचवट्यांवर दिसते. राजाचा गाल, भुवई, कानावरचे केस. केस उत्तम. भुवई उत्तम म्हणता येईल. गालावर मात्र एक सपाट, मळकट जागा. दोष बल्बचा.

८ मार्च
नवा बल्ब. जागा जास्तच स्पष्ट दिसते. बायको म्हणाली, गाल झिजलाय, त्याला बल्ब काय करणार? तिला समजावलं, ही झीज नाही, टांकसाळीत छापच कमी दाबाने पडली. ती बरं म्हणाली आणि भाजी चिरायला गेली. पटलेलं दिसलं.

११ मार्च, ऑफिसातून आल्यावर
फार थकलो, तरी बसलो. परीक्षा सोपी आहे. नाणं दिव्याखाली हळूहळू कलतं करायचं. कोरं असेल तर उजेडाचा पट्टा न तुटता फिरतो, छाप कमी पडलेली असली तरी. झिजलेल्या जागी विझतो.
गालापाशी विझला. हात थरथरत होता, त्यामुळे असेल. चार वेळा केलं. हात चारही वेळा थरथरला.

१४ मार्च
ताईचा फोन. नाण्याबद्दल सहज विचारलं. म्हणाली, अरे, ते कायम त्यांच्या खिशात असायचं! काळजी लागली की अंगठ्याने चोळत बसायचे. तुझ्या लहानपणच्या ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर दिवसभर तेच. मी म्हटलं, मला नाही आठवत. ती म्हणाली, कसं आठवेल, तू आत बेशुद्ध होतास.
ताई मुळातच हळवी. असल्या गोष्टी पुरावा म्हणून चालत नाहीत. शिवाय खिसा म्हणजे चलन नव्हे. हा मुद्दा बिनतोड आहे.
झोप नीट लागली नाही. बहुतेक ॲसिडिटी.

१६ मार्च, रविवार
आता जुन्या नाण्यांच्या दुकानात दाखवून निकाल लावायचाच. पण त्या मळकट जागेमुळे नाणीवाल्याचा उगाच गैरसमज व्हायचा. टूथपेस्ट, जुना ब्रश, हलका हात. मग जरा जड हात.
राजा लख्ख! गालसुद्धा. इतके दिवस उगाच डोळे फोडले.

१८ मार्च
नाणीवाल्याने भिंग उचललंसुद्धा नाही. म्हणाला, किंचित वापरलेलं होतं, छान होतं. घासून वाट लावलीय कुणीतरी. अगदी हल्लीच, पुदिन्याचा वास येतोय. लोक असं का करतात कळत नाही, म्हणाला. मलाही कळत नाही, असं मी म्हटलं.
पुन्हा काळं होईल का, विचारलं. होईल की, म्हणाला, पण तो काळेपणा वेगळा.
माणूस घाईत होता. दुसऱ्याला दाखवावं. उद्या नको, पाय भरून आलेत.

२३ मार्च, रविवार
ताई आली. फोनवर बोलल्यापासून म्हणे ते नाणं एकदा हातात घ्यावंसं वाटत होतं. दिलं. तिने राजाच्या गालावर अंगठा ठेवला. थोडा फिरवला. मग खिडकीपाशी गेली, उलटसुलट करून बघितलं आणि परत माझ्या हातात ठेवलं.
हे नव्हे रे, म्हणाली. त्यांचं काळं होतं, गालावर बरोबर अंगठ्याएवढी जागा गुळगुळीत. हे तर अगदी कोरं दिसतंय.
बायको माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं. म्हटलं, असेल कुठेतरी.
नीट शोध, ताई म्हणाली. सापडलं की लगेच फोन कर.
शोधतो म्हणालो.